गल्लीच्या तोंडाची दगडी पाणपोई: वय कसं काढायचं?

खूटावरचा:
मंडळी, शहापूरच्या बाजूला, बेळगावच्या जुन्या हद्दीला लागून, एका गल्लीच्या तोंडावर दगडी पाणपोई उभी आहे. कोरडीठाक. आत पालापाचोळा आणि गुटख्याच्या पुड्या. गटारीच्या कामात ती जाणार अशी चर्चा आहे, म्हणून आधी नीट नोंद करून ठेवायची आहे. मापं देतो.

रुंदी ७ फूट, खोली ४ फूट, उंची साडेसहा फूट. भिंती जांभ्याच्या. पुढची कुंडी मात्र काळ्या दगडाची, एकाच दगडातून कोरलेली. वर विटांची टाकी, आतून गिलावा, ५०० लिटरच्या आसपास. पुढे दोन चाव्यांचे (नळाच्या तोट्यांचे) पितळी बुंधे, चाव्या गेलेल्या. डाव्या अंगाला जमिनीपासून दोन फुटांवर लांब डोण. उजव्या अंगाला, बोळाकडे तोंड करून, साडेचार फुटांवर एक दगडी पन्हळ बाहेर आलीय. मागच्या भिंतीत तीन दगड पुढे आलेत, ते निसटलेत की मुद्दाम ठेवलेत कळत नाही. दर्शनी बाजूला चौकोनी खाच, चार कोपऱ्यांत खिळ्यांची भोकं. पाटी होती, आता नाही.

प्रश्न दोन: वय कसं ठरवायचं? आणि पुन्हा पाणी सुरू करता येईल का?

तांब्याभर:
पाटी गेली म्हणजे दाता गेला. पितळ होतं की संगमरवर, त्यावर ठरेल कोणी नेली ते.

चावीवाला:
चावीच्या आट्यांवरून (फिरवून बसवायच्या खाचांवरून) वय काढायला जाऊ नका, बरेच लोक तिथंच फसतात. अर्ध्या इंचाची आटी शंभर वर्षांपूर्वी होती तीच आजच्या १५ मिलिमीटरच्या चावीलाही आहे. नाव बदललं, माप नाही. बघायचा तो पाइप.

जमिनीखालून येणारा पाइप ओतीव लोखंडाचा असेल तर सांधा उकरून बघा. सांध्यात ताग ठोकून वरून शिसं ओतलेलं दिसलं तर जुनं काम. जस्ताचा (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आट्यांनी जोडलेला असेल तर त्यावर रंगाचा पट्टा राहिलाय का बघा. पिवळा म्हणजे हलका, निळा मध्यम, लाल जड. ही भारतीय मानकाची पद्धत, म्हणजे स्वातंत्र्यानंतरची. झडपेवर आयएसआयची खूण असेल तर १९५० च्या दशकाच्या मध्याच्या आधी जाऊच शकत नाही.

आणि पाइपचं वय म्हणजे पाणपोईचं वय नव्हे, हे डोक्यात ठेवा. पाइप मागाहून घातलेला असतो.

जांभाखडी:
दगडच बरंच सांगतोय. आपल्याकडं भिंत जांभ्याची आणि कुंडी काळ्या दगडाची, यात शोभेचा काही संबंध नाही. जांभा खाणीतून काढला की ओला, मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेत घट्ट होतो. भिंतीला उत्तम. पण तो सच्छिद्र. त्यात कुंडी कोरली तर पाणी ठरत नाही. म्हणून पाणी जिथं साचणार तिथं काळा दगड, बाकी जांभा. गोकाक बाजूची असती तर तिकडचा वाळूचा खडक दिसला असता.

आता कुंडीच्या काठाला हात लावून बघा. घागर टेकवायची जागा गुळगुळीत होऊन तिथं बशीसारखा खळगा पडतो. काळ्या दगडात असा खळगा दहा-वीस वर्षांत पडत नाही. खळगे किती आणि कुठं आहेत ते सांगा.

दुसरं, सांध्यातला चुना. खिळ्याने खरवडा. भुसभुशीत, पांढुरका, आत चुन्याचे पांढरे खडे आणि विटेच्या भुकटीचे लाल ठिपके असतील तर चुना-सुरकी. राखाडी आणि खिळा घसरत असेल तर सिमेंट. आपल्या देशात सिमेंटचं यशस्वी उत्पादनच १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं, आणि गल्लीबोळातल्या कामापर्यंत पोचायला त्याला आणखी बराच काळ लागला.

लिंबूपाणी:
लिंबू पिळून बघा, फेस आला तर चुना. सोपं.

जांभाखडी:
लिंबूपाणी, सोपं आहे पण खोटं आहे ओ. जुन्या सिमेंटलाही फेस येतो, कारण हवा खाऊन त्यातही चुनखडी तयार होते. फेसावर नव्हे, खड्यांवर आणि लाल ठिपक्यांवर जा.

लिंबूपाणी:
बरं, लिंबू सरबतातच पिळतो.

मोडीवाचक:
खूटावरचा, तुम्ही 'जुन्या हद्दीला लागून' म्हणालात तिथंच खरी मेख आहे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. बेळगाव ब्रिटिश मुलखात, मुंबई इलाख्यात. पाणपोई हद्दीच्या अलीकडं की पलीकडं, यावर दप्तर कुठलं शोधायचं ते ठरतं. अलीकडं असेल तर बेळगाव नगरपालिकेचे ठराव आणि मुंबई सरकारचे कागद. पलीकडं असेल तर सांगली संस्थानचं दप्तर, आणि त्यातला बराच भाग मोडी लिपीत.

आधी करायचं काम सोपं आहे. सिटी सर्व्हे कार्यालयात त्या जागेचा सी.टी.एस. क्रमांक काढा आणि प्रॉपर्टी कार्डाबरोबर चौकशी नोंदवही मागा. मालकाच्या रकान्यात व्यक्ती आहे, देवस्थान आहे, पालिका आहे की नुसती 'सार्वजनिक' नोंद, यावर पुढची दिशा. गॅझेटियरमध्ये एखाद्या गल्लीतली पाणपोई मिळेल अशी आशा धरू नका. बेळगावचा खंड (मुंबई इलाख्याचा २१ वा, १८८४) तलाव-विहिरींपर्यंत जातो, गल्लीच्या तोंडापर्यंत नाही.

नल्लीनीर:
कन्नडमध्ये याला अरवट्टिगे म्हणतात. जुन्या पाटीचा तुकडा सापडला आणि त्यावर हा शब्द असला तर गोंधळू नका, पाणपोईच ती.

तांब्याभर:
नवीन पाटी कोणत्या भाषेत लावायची यावर आता २०० प्रतिसाद येणार.

सूत्रधार:
सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे. इथं पाणीच प्यायचं.

शिलालेखी:
भाषेचा विषय निघालाच आहे तर एवढंच. 'पोई' हा 'प्रपा'चा वंशज, आणि प्रपा फार जुनी. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात, नद्यांच्या दोन्ही काठांना त्यानं सभा आणि प्रपा केल्या असं कोरलंय. म्हणजे दाता, पाटी आणि पाणपोई हे त्रिकूट आपल्याकडं जवळजवळ दोन हजार वर्षांचं.

खूटावरचा:
शिलालेखी सर, तुम्ही दोन हजार वर्षं मागं गेलात, आमच्याकडं जेसीबी पुढच्या आठवड्यात येतोय.

पखाल:
त्या तीन दगडांकडं कोणी बघितलं नाही का? ते निसटलेले नाहीत, पायऱ्या आहेत. वर टाकी आहे आणि मागं चढायला दगड आहेत, म्हणजे टाकी हातानं भरत होते. घागरी किंवा पखाल (पाण्याची कातडी पिशवी) घेऊन माणूस मागून चढायचा आणि वरून ओतायचा. नळ यायच्या आधीची पाणपोई अशीच असते. चावीवाला म्हणतात ते बरोबर, पाइप नंतरचा.

तपासायचं असेल तर दगडांमधलं उभं अंतर मोजा. ९ ते १० इंच आणि एकाआड एक डावी-उजवीकडं असेल तर शंकाच नको. वरच्या पृष्ठावर मधोमध झिजलेलं असेल. टाकीच्या काठालाही, जिथं घागर टेकवून ओतत, तिथं विटेचा कंगोरा गेलेला असेल.

टिळकवाडीकर:
पखाल यांना अनुमोदन. राकसकोपचं पाणी शहरात आलं १९६० च्या दशकात. मार्कंडेय नदीवरचं धरण, तिथून हिंडलग्याचं पंपिंग, मग लक्ष्मीटेक. त्याआधी बेळगावची तहान विहिरींवर. जांभ्याच्या पठारावर पाऊस भरपूर, पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरी भरतात.

१९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस अधिवेशन भरलं तेव्हाही पाण्यासाठी विहीरच खणली. तीच आजची काँग्रेस विहीर, तेव्हाचं नाव पंपा सरोवर, खर्च ४,३७० रुपये ३ आणे. १९९५ च्या टंचाईनंतर शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या, त्यात तिचंही नाव पुढं होतं. तुमच्या पाणपोईपासून शे-दोनशे पावलांत जुनी विहीर असणारच. ती शोधा. पखालवाला पाणी काही लांबून आणत नव्हता.

बंदरावरून:
मुंबईतही हाच क्रम. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये आलं आणि मग पाणपोया नळावर गेल्या. मशीद बंदरची केशवजी नाईक पाणपोई १८७६ ची. जनावरांची डोण मात्र इंग्रजी पद्धत वाटते. लंडनला फुकट पाण्याची कारंजी बसवणारी संस्था १८५९ मध्ये निघाली आणि १८६७ मध्ये तिनं नावातच गुरांच्या डोणींचा समावेश केला.

पखाल:
डोण इंग्रजांकडून शिकायची काय गरज? विहिरीच्या थारोळ्याला डोण असतेच की. रविवार पेठेत माल घेऊन येणाऱ्या गाड्यांचे बैल कुठं पाणी पीत होते? तापलेला बैल एका दमात १५-२० लिटर ओढतो. दोन फुटांवर काठ आहे, म्हणजे जू न सोडता मान खाली घालता येते. त्याखाली असती तर शेळ्यामेंढ्यांची. ही गाडीच्या रस्त्यावरची डोण आहे, माप बघूनच कळतंय.

बंदरावरून:
मागे घेतो. मापावर वाद नाही.

सुरकी:
दुसऱ्या प्रश्नाचं बोलू. आतला गिलावा तडकला असणार. सिमेंटनं लिंपू नका, एवढं ऐका. जांभा आणि चुना ओल घेतात आणि सोडतात. सिमेंटचा थर ओल आत कोंडतो, मीठ सिमेंटमागं साठतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटसकट जांभ्याचा पापुद्रा सुटून येतो.

प्रमाण: १ भाग मुरलेला चुना, १ भाग सुरकी, २ भाग धुतलेली वाळू. चुना निदान १५ दिवस पाण्याखाली मुरू द्या, नाहीतर न फुटलेला खडा भिंतीत जाऊन नंतर फुगतो आणि गिलाव्याला फोड येतात. सुरकी नीट भाजलेल्या विटेचीच, कच्च्या विटेची भुकटी म्हणजे नुसती माती. जुने लोक हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालत, घातलं तर चांगलं, पण मापात. गूळ जास्त झाला तर घट्ट व्हायला वेळ लागतो आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच. पातळ तीन थर द्या, एका जाड थराला भेग पडणारच. वर ओलं गोणपाट १४ ते २१ दिवस. बेळगावात जूनपासून हे काम काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

टाकी तयार झाली की तीन-चार वेळा भरून ओतून द्या. पहिल्या पाण्याला चुन्याची चव येते आणि जिभेला चरचरतं.

क्लोरीन:
त्यानंतर निर्जंतुकीकरण. ५०० लिटरच्या टाकीला ७५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, ३३ टक्के क्लोरीनची. बादलीत कालवायची, निवळू द्यायची, वरचं पाणी टाकीत, खालचा गाळ टाकून द्यायचा. चार-पाच तास ठेवा, चाव्यांतूनही थोडं सोडा म्हणजे पाइप धुतला जाईल, मग सगळं ओता. रोजच्या भरतीला विहिरीचं पाणी असेल तर ५०० लिटरला ३ ग्रॅम आणि अर्धा तास थांबायचं. चावीवर लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. पोत्यातली उघडी पावडर पावसाळ्यात ओल धरते आणि ताकद घालवते. मग 'पावडर टाकली होती' म्हणायचं आणि जुलाब मोजायचे.

महापालिकेच्या नळाचं पाणी असेल तर ते क्लोरीन घालूनच येतं. तरी आठवड्याला टाकी रिकामी करून घासा.

चावीवाला:
पितळी चावी लावलीत तर रात्रीत जाईल, भंगाराला किलोवर भाव आहे. दाबून सोडायची चावी चांगली, पाणी वाया जात नाही, पण गाळ आला की स्प्रिंग अडकते आणि ती रात्रभर वाहत राहते. म्हणून टाकीच्या तोंडाला जाळी हवी आणि पाइप तळापासून दोन इंच वर काढायचा, गाळ खाली बसू द्यायचा. तळाला वेगळी धुवायची मोरी. चावीची उंची पेला धरणाऱ्याला अडीच फूट. दोन बुंधे आहेत, एक शाळेतल्या पोरांसाठी दोन फुटांवर घ्या.

आणि खरी अडचण वेगळीच आहे: मीटर कोणाच्या नावावर? २००८ मध्ये शहराच्या सुमारे दहा टक्के भागात चोवीस तास पाणी सुरू झालं, तिथं प्रत्येक जोडणीला मीटर. सार्वजनिक चावीचं बिल भरायला कोणी पुढं आलं नाही तर ती बंदच होणार, दगड कितीही जुना असो. आधी वॉर्डाकडून लेखी घ्या.

खानापूरकर:
चावीच्या भानगडीत न पडता उन्हाळ्यापुरते दोन रांजण ठेवा की. खानापूरची माती रांजणालाच आहे. खाली सहा इंच वाळू, ती रोज ओली. रांजण झिरपला पाहिजे. नवीन आणला की एक दिवस पाणी भरून ते ओतायचं. दोन महिन्यांनी पाणी थंड होईना म्हणजे छिद्रं क्षारानं बुजली. काथ्यानं बाहेरून घासा, साबण अजिबात नको, मातीत मुरतो. वळवाच्या पावसानंतर हवा दमट झाली की कोणताच रांजण गार करत नाही, तेव्हा कुंभाराला शिव्या घालू नका.

ओंजळ:
सगळ्यांनी पन्हळ सोडून दिली. डोण गुरांची, चाव्या माणसांच्या, मग बोळाकडची पन्हळ कोणाची?

टिळकवाडीकर:
टाकीचा ओसंडा असेल.

ओंजळ:
ओसंडा टाकीच्या काठाशी असतो, साडेचार फुटांवर नाही. आणि ओसंड्याचं पाणी कोणीही शहाणा गवंडी डोणीत सोडेल, बोळात नाही. खूटावरचा, पन्हळीचं आतलं तोंड कुठं उघडतंय ते बघा. टाकीत उघडत असेल तर माझं म्हणणं चूक. नसेल तर तिथं मागून कोणीतरी पाणी ओतत होतं आणि बोळात उभा असलेला माणूस खाली ओंजळ धरत होता.

वरून ओंजळीत पाणी सोडायची पद्धत सगळ्यांनाच होती. पण भिंतीआडून, नळीतून, लांबून सोडायची ती जातीमुळं. म्हणूनच ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच. ठराव कागदावर राहिला म्हणून १९२७ चं महाड. निपाणीला १९२५ मध्ये बाबासाहेबांची परिषद झाली ती याच दिवसांत.

मोडीवाचक:
आणि इथं परत हद्द आडवी येते. बोले ठराव मुंबई इलाख्याचा. सांगली संस्थानाला तो आपोआप लागू नव्हता. पाणपोई पलीकडं असेल तर त्या पन्हळीचा वापर पुढंही चालू राहिला असू शकतो. अलीकडं असेल तर पालिकेच्या १९२३ नंतरच्या ठरावांत काही सापडण्याची शक्यता. (बोले यांचं नाव सीताराम केशव, एस. के. लिहा.)

ओंजळ:
एस. के. बरोबर, माझी चूक. घाईत लिहिलं.

तांब्याभर:
यावर विनोद सुचत नाही.

जांभाखडी:
पन्हळीखालची जमीन बघा. कुंडीचा काठ घागरींनी झिजतो. पन्हळीखाली नुसत्या ओंजळी असतील तर फरशीवर पाण्याच्या धारेचा एकच खळगा असेल, घागर टेकवल्याच्या खुणा नसतील.

खूटावरचा:
सगळं बघून आलो. क्रमानं लिहितो.

कुंडीच्या काठावर चार खळगे, सगळ्यात खोल अर्धा इंच. सांध्यात लाल ठिपके आणि पांढरे खडे, चुना-सुरकीच. मागचे तीन दगड एकाआड एक, अंतर साडेनऊ इंच, मधोमध झिजलेले. पखाल, तुमच्या पायऱ्याच त्या. पाइप जस्ताचा, आट्यांचा, झडपेवर आयएसआयची खूण आहे, आणि तो जिथून आत शिरतो तिथं जांभा फोडून सिमेंट भरलंय. म्हणजे पाइप राकसकोपनंतरचा आणि पाणपोई त्याआधीची. विहीरही सापडली, ऐंशी पावलांवर एका परड्यात, वर लोखंडी जाळी.

पन्हळीचं आतलं तोंड टाकीत नाही. मागच्या बाजूला, तिसऱ्या पायरीच्या शेजारी, वाटीएवढा खळगा कोरलाय, त्यातून ती उतारानं बोळाकडं जाते. बोळातल्या फरशीवर एकच खळगा, धारेचा.

सी.टी.एस.चा अर्ज सोमवारी देतोय.

सुरकी:
मग पन्हळ लिंपू नका. गवंडी आपणहून 'भोक बुजवतो' म्हणेल, त्याला आधीच सांगून ठेवा.

मोडीवाचक:
अर्जात 'चौकशी नोंदवहीची प्रत' असं स्पष्ट लिहा, नाहीतर नुसतं कार्ड हातात देतील. आणि त्या परड्यातल्या विहिरीचाही क्रमांक त्याच अर्जात मागा. दोन्ही एकाच नावावर निघाली तर दाता सापडला.

चावीवाला:
जेसीबीचं काय झालं?

खूटावरचा:
गटार डोणीच्या बाजूनं दीड फूट सरकवता येते असं ओव्हरसीयर म्हणतोय. तोंडी. लेखी मागितलंय.